डाव्या पायाचा भार

माझी आत्या इस्त्री करायची. एकदोन वर्षं नाही, चांगली चाळीस वर्षं. इस्त्रीत काय मोठं, हात फिरवला की झालं, असं कुणी तिच्यासमोर म्हणालं की ती वाद घालायची नाही. साडेसात किलोची इस्त्री त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "फिरव." दुसऱ्या शर्टाला त्या गड्याचा खांदा उतरायचा. मग ती सांगायची की इस्त्री हातानं होतच नाही, पायानं होते. डावा पाय जमिनीत खुंटा मारल्यागत रोवायचा, उजव्याची टाच जराशी उचलायची, कमरेतून झुकायचं आणि सगळ्या अंगाचा भार डाव्या पायावर तोलून मनगटात सोडायचा. मग कॉलर अशी बसते की घालणारा मान वळवायला भितो.

दुकान म्हणजे किल्ल्या करणारा आणि औषधवाला यांच्या मधली फट. आत एक लांब टेबल, त्यावर जुनं कांबळं, कांबळ्यावर पांढरं कापड, आणि कापडावर चाळीस वर्षांतल्या चुकांचे तपकिरी डाग. मागं तारेवर लोकांचे कोट. पंखा नव्हता. वारा आला की ओलसर बाह्या फडफडतात आणि घडी मोडते, म्हणून तिनं तो लावलाच नाही. नवरा लवकर गेला. पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती. ती त्या टेबलाखाली, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर वाढली. तिथंच पाढे पाठ केले आणि पुढं शाळेत गणित शिकवायला लागली. आत्या तिला मास्तरीण म्हणायची. मला उंट्या म्हणायची, कारण दुकानात शिरताना माझं डोकं तारेला लागायचं. तोंड फटकळ होतं. कुणी साहेब अर्जंट अर्जंट करत आला, तर म्हणायची, "एवढी घाई आहे तर अंगावर घालूनच टेबलावर झोपा, उभ्या उभ्या काढून देते."

पंचेचाळिशीत तिच्या डाव्या पायावर निळ्या गाठी आल्या. दिवसभर उभं राहणाऱ्याला येतात तशा, दोरखंडासारख्या. एका डॉक्टरनं जांघेपासून घोट्यापर्यंतची ती फुगलेली लांब नस ओढून काढली. दहाव्या दिवशी आत्या टेबलाशी. "गेली तर गेली. आत काय एकच नस असते?" म्हणाली. तेव्हा ते खरंच वाटलं.

मग साखर आली. औषधाच्या गोळ्या ती आठवण झाली की घ्यायची, आणि आठवण कामाच्या गर्दीत कुठून व्हायची. साठी ओलांडल्यावर चालताना पोटरी आवळायला लागली. घरापासून दुकान दहा मिनिटांवर, पण आत्या वाटेत तीनदा थांबायची. लोकांना कळू नये म्हणून कशापुढं तरी थांबायची. बाकीच्या बायका कपड्यांच्या दुकानापुढं थांबतात, ही कुलपं बघत उभी. शेवटी किल्लीवाल्यानं विचारलं, "मावशी, घरात काय खजिना सापडलाय का? रोज कुलूप बघताय." ती म्हणाली, "सापडला तर तुझ्याकडून कुलूप घेईन होय? उघडायला पहिला तूच यायचास."

आणि पाऊल गार पडायला लागलं. डावंच. थंडीच्या दिवसांत तर दगडासारखं. त्यावर तिनं आपल्या धंद्यातला उपाय काढला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी जुन्या चादरीची आठपदरी घडी करायची, तिच्यावर तापलेली इस्त्री दाबायची, तळहात लावून ऊब बघायची, आणि घडी खाली टाकून तिच्यावर पाऊल ठेवून बसायचं. पावलाला काही लागत नव्हतं. म्हणून घडी दोनदा तापवायची.

मी एकदा गेलो तर तिच्या चपलेत ओल दिसली. म्हणालो, "आत्या, पाणी सांडलंय."

"सांडलं असेल."

"पिवळं पाणी?"

"तू कोट न्यायला आलायस का चपला तपासायला?"

मी खाली बसून पाय उचलला. टाचेला बंद्या रुपयाएवढा काळा खड्डा होता. मी हात लावला, तिनं हूं की चूं केलं नाही. तेच वाईट होतं.

मास्तरणीला शाळेतून बोलावलं आणि आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं रक्ताच्या नळ्यांचा वेगळा विभाग होता. एक थोरले डॉक्टर, केस पांढरे, हात मात्र विणकाम करणाऱ्या बाईसारखे हलके. आणि एक धाकट्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेल्या. बाईंनी आत्याच्या पायावर थंडगार मलम लावलं आणि पेनासारखं एक यंत्र टेकवलं. मांडीत यंत्रातून सूं सूं असा दमदार आवाज आला. गुडघ्यामागं तो बारीक झाला. घोट्याच्या आतल्या बाजूला, फार शोधल्यावर, लांबून कुणी कुजबुजावं तसा आला. पावलावर काहीच नाही.

"टाच कधी भाजली?" बाईंनी विचारलं.

"भाजली नाही. मी शेकते फक्त. हात लावून बघते की."

नर्सनं बाईंसाठी चहा आणला होता, स्टीलच्या पेल्यात. त्यांनी तो बोटांनी धरायला बघितला आणि चटका बसून सोडला. मग आत्याकडं सरकवला. "आजी, हा धरा जरा." आत्यानं पेला मुठीत घेतला. आम्ही बघत राहिलो. ती पाचदहा श्वास तशीच बसली. "कोमट आहे. पोरी, तुला गरम करून देत नाहीत वाटतं?"

मास्तरणीनं तो पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि लगेच खाली ठेवला. कुणाला पुढं समजावून सांगायला लागलं नाही. चाळीस वर्षांत आत्याच्या तळहाताची कातडी मेली होती. त्या हातानं ती रोज ऊब मोजत होती, आणि खाली पाऊलही मेलं होतं. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते.

फोटो काढले, पायात औषध सोडून नळ्या बघितल्या, हृदयाची तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी दोन्ही डॉक्टर आमच्यासमोर बसले.

थोरले म्हणाले, "रक्त न्यायची मोठी नळी गुडघ्याखाली बंद झालीय. तीन फाट्यांतला एकच घोट्यापाशी जिवंत आहे. रक्त पोचल्याशिवाय ही टाच भरणार नाही. माझं म्हणणं, तुमचीच एक नस काढू आणि गुडघ्याच्या वरून घोट्यापर्यंत वळसा घालून जोडू. पाचेक तासांचं काम. जमलं तर वर्षानुवर्षं टिकतं."

"नस कुठली काढणार?"

"डावी तुमची पूर्वीच काढलेली आहे. म्हणून उजव्या पायातली. तपासली मी, नस चांगली आहे."

"म्हणजे एक बिघडला म्हणून दुसरा उसवायचा."

"हो. मांडीपासून खालपर्यंत."

धाकट्या बाई म्हणाल्या, "सर, यांचं हृदय पस्तीस टक्क्यांवर चाललंय." मग आमच्याकडं वळून, "मी जांघेतून एक बारीक तार घालीन. तारेवर फुगा असतो. बंद जागी नेऊन तो फुगवायचा, वाट मोकळी करायची, फुगा काढून घ्यायचा. चिरफाड नाही. आजी जाग्या असतील. दोन दिवसांत घरी."

"आणि सहा महिन्यांत परत बंद," थोरले म्हणाले.

"परत उघडता येते."

"दर वेळी येईलच असं नाही. आणि त्या खटाटोपात घोट्यापाशी उरलेला फाटा दुखावला, तर मला जोडायला जागाच राहणार नाही."

"आणि टेबलावर आजीच राहिल्या नाहीत तर, सर?"

थोरले रागावले नाहीत, विचारात पडले. आत्या माझ्याकडं वळून म्हणाली, "दोन गिऱ्हाइकं एका कोटावरून भांडतायत, उंट्या. कोटाला कुणी विचारेना."

मास्तरीण वही उघडून बसली होती. तिनं विचारलं, "पण बरोबर काय? हे काही पहिल्यांदा होत नसेल ना? कुणी मोजलं असेल."

"मोजलंय," थोरले म्हणाले. "दोन मोठे अभ्यास झालेत. एकात, चांगली नस असेल तर जोडकाम सरस निघालं. दुसऱ्यात, आधी फुगा केलेल्यांतले लोक कमी दगावले. जगभर आमच्यासारखे लोक यावर भांडतायत. तुमच्या आईसारखी बाई नेमकी कुठल्या यादीत बसते, ते मला माहीत नाही आणि बाईंनाही नाही."

बाईंनी मान हलवली. "तिसरी वाटही सांगायला हवी. गुडघ्याखाली पाय काढायचा. एकदाच दुखणं, आणि—"

"सांगितलीत ना," आत्या म्हणाली. "आता ती मिटवून ठेवा. मला एवढंच कळू दे, कशानं मी जास्त दिवस टेबलाशी उभी राहीन?"

थोरले म्हणाले, "जमलं तर माझ्या कामानं."

बाई म्हणाल्या, "जास्त दिवस जगण्याचं विचारत असाल, तर माझ्या."

"ते मी विचारलं नाही."

पण मास्तरणीनं तेच ऐकलं होतं. बाहेर व्हरांड्यात तिनं डॉक्टरांना विचारून घेतलेले आकडे रिपोर्टाच्या पाठीवर मांडले. जोडकामात जीव जायची भीती शंभरात सहासात, या हृदयाला कदाचित दहा. फुग्यात शंभरात दोन. आत्यानं कागद बघितला. "शंभर बायका कुठायत यात? मी एकटीच आहे की."

"आई, मला तू हवी आहेस. पाय नंतर बघू."

"पाय गेला की मी काय राहते? सांग बरं. गादीवरचं बोचकं."

"राहू दे बोचकं. असू दे तर खरं."

आणि मास्तरीण रडायला लागली. ही पोरगी बापाच्या वेळी काही कळायच्या वयाची नव्हती, आणि पुढं कधी रडलेली मी बघितली नव्हती. परीक्षेत नाही, लग्न मोडलं तेव्हा नाही. आत्यानंही बघितली नसावी. तिनं जरा वेळ तिच्याकडं बघितलं, कागदाची व्यवस्थित घडी घातली, कडेला नखानं दाब देऊन. मग म्हणाली, "बोलाव त्या पोरीला. करू दे फुगा."

फुगा केला. आणि मला सांगायला पाहिजे, तो छान झाला. दीड तासात आत्या बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तिनं मला पाऊल धरायला लावलं. पाऊल गरम होतं. "धर की नीट, लाजतोस काय, आत्याचा पाय आहे." तिनं ते नर्सला धरायला लावलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला धरायला लावलं. महिन्याभरात टाचेच्या कडा गुलाबी झाल्या. दोन महिन्यांनी ती दुकानात जायला लागली, आधी तासभर, मग अर्धा दिवस. किल्लीवाल्यापुढं न थांबता गेली, तर तोच बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, रुसलात का?" थोरल्या डॉक्टरांनी तपासलं आणि धाकट्या बाईंना म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." मास्तरीण त्या दिवशी माझ्याशी अर्धा तास बोलली आणि त्यात एकही आकडा नव्हता.

चौथ्या महिन्यात पोटरी परत आवळली. आत्यानं दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. परत कुलपं बघायला लागली तेव्हा किल्लीवाल्यानं मला निरोप दिला. यंत्र लावलं तर घोट्यापाशी परत ती कुजबुज.

बाई म्हणाल्या, पुन्हा उघडू. थोरले म्हणाले, अजून माझी वाट शिल्लक आहे, पण हृदय आता तीसवर आलंय, मी आग्रह करणार नाही. मास्तरणीनं पुन्हा आकडे मांडले आणि पुन्हा तेच उत्तर आलं. आत्यानं या वेळी कागद बघितलाही नाही. "तू म्हणशील ते," म्हणाली. ती असं कधी कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या वेळी वाट कडक होती. तार पुढं जाईना. गेली, फुगा फुगला, आणि आतला गाळ सुटून खाली गेला. घोट्यापाशी जो एक फाटा जिवंत होता, त्यातच जाऊन बसला. बाईंनी तीन तास झटून तो ओढायला बघितला, औषधं सोडली. निम्मा आला, निम्मा नाही. थोरले स्वतः आत जाऊन बघून आले. जोडायला जागा उरली नव्हती.

आठवड्यात पाऊल जांभळं झालं, मग काळं. आत्याला ताप चढला. आता कुणाचा वाद नव्हता. धाकट्या बाई खाटेपाशी आल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, "आजी, मी सुचवलेलं फसलं."

"बस आधी," आत्या म्हणाली. "उभं राहून कामं करायची माझी, तू कशाला पाय मोडतेस?"

बाई बसल्या. मास्तरणीनं थोरल्या डॉक्टरांना विचारलं, "आधीच तुमचं ऐकलं असतं तर?"

"तर पाय टिकला असता. किंवा त्या टेबलावरच तुमची आई गेली असती. मी खोटं सांगणार नाही, मला माहीत नाही. आज तुम्ही मला शहाणा समजताय, कारण माझं करून बघितलं गेलं नाही."

पाय गुडघ्याखाली काढला. हृदयानं ते मात्र निभावलं.

घरी आल्यावर लाकडी पाय द्यायचा बेत झाला, पण जखम भरून त्यावर भार सोसेपर्यंत सहा महिने जाणार होते. आत्याला धीर कुठला. तिनं सुताराला बोलावलं आणि सांगितलं, "टेबलाचे पाय काप. वीतभर."

सुतार म्हणाला, "मावशी, चांगलं सागवान आहे."

"माझापण चांगला होता. माझा एक कापला, याचे चार काप. बघू कोण जास्त रडतं."

सुतार हसला नाही. मी हसलो, आणि नंतर मला ते बरं वाटलं नाही.

आत्या खुर्चीत बसून इस्त्री करायला लागली. पहिल्या दिवशी सहा शर्ट केले. मला ते सहाही सरळ दिसले. गिऱ्हाइकांनाही दिसले असतील, किंवा नसतील. कुणी काही बोललं नाही, मावशी बऱ्या झाल्या म्हणून सगळे आनंदानं कपडे टाकून गेले. ती रोज करत राहिली. इस्त्री तीच, हात तोच. वरून झुकून भार सोडायला मात्र खाली काही नव्हतं. दोन आठवड्यांत तारेवरचे कोट कमी व्हायला लागले. लोक समोरून येताना रस्ता बदलून पलीकडून जायचे, हातात पिशवी असली की.

एक दिवस बँकेतलं एक जुनं गिऱ्हाईक शर्ट घेऊन परत आलं. बिचारा ओशाळा झाला होता. "मावशी, घाई नाही, पण कॉलरला जरा..." आत्यानं शर्ट घेतला, कॉलर डोळ्यांपाशी नेली, अंगठ्यानं चाचपली. मग त्याला म्हणाली, "बरं केलंस आणलास. बाकीचे खोटारडे आहेत." तो गेल्यावर शर्ट मांडीवर ठेवून मला म्हणाली, "याला इस्त्री म्हणत नाहीत, उंट्या. याला गोंजारणं म्हणतात." इस्त्रीची वायर काढली. ती गार होईपर्यंत बसून राहिली. लोकांचे राहिलेले कपडे मला पिशव्यांत भरायला लावले, कुणाचे कुठले ते चुकू न देता, आणि शटर ओढून घ्यायला सांगितलं.

शटर खाली आल्यावर मास्तरणीला राहवेना. ती शाळेतून तशीच आली होती, हाताला खडू लागलेला. म्हणाली, "मीच केलं हे. तुला जोडकाम हवं होतं. मी रडले म्हणून तू ऐकलंस."

"हो," आत्या म्हणाली.

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मास्तरणीलाही वाटलं असावं.

"हो, रडलीस म्हणून ऐकलं. तुला मी जिवंत हवी होते, मला उभं राहायचं होतं. दोन्ही मिळण्यातलं नव्हतं, हे त्या दोघा डॉक्टरांना कळत होतं, आपल्याला नव्हतं. माझं हुकलं. तुझं तरी मिळालंय ना? मग ते नीट घे. रोज असं तोंड करून समोर बसणार असशील, तर दोघींचंही वाया गेलं."

"तुला राग नाही माझा?"

"आहे की. पण तुझ्यावर राग धरून बसायला बळ लागतं, आणि मला आता खुर्चीतून मोरीपर्यंत जायला ते पुरवावं लागतं. चल, ने मला घरी. आणि उंट्या, तू मागं हो, तुझ्या डोक्यानं तार तुटेल."

आत्या त्यानंतर अकरा महिने होती. लाकडी पाय आला, पण तो घालून ती कधी उभी राहिली नाही. मागितलाच नाही तिनं. सकाळी खिडकीपाशी बसायची, मास्तरीण शाळेतून आली की तिच्या वह्या तपासताना शेजारी बसून पोरांच्या अक्षराला नावं ठेवायची, भांडायची, जेवायची. तिनं गोळ्या वेळेवर घेतल्या, एकही चुकवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ते महिने आपले नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. ते पोरीनं मागून घेतले होते, आणि आत्यानं ते तिला पुरे दिले. मग एका दुपारी, वह्या अर्ध्या तपासून झाल्या असताना, हृदय थांबलं.